मागच्या खोलीचा हिरवा

रंगाच्या दुकानात जाऊन गोंधळणारी बाई मी नव्हे. बजाजनगरात खानावळ चालवते, कंपनीतल्या पोरांना सकाळ-संध्याकाळ डबे देते, आणि भाजीत मीठ बरोबर पडलं का ते बघायला मला चव घ्यावी लागत नाय. भिंतीला कोणता रंग लावायचा हे मला दुसऱ्यानं कशाला सांगायचं? पण दुकानदारानं रंगाचं कार्ड पुढं सरकवलं तसा माझा ऋतुराज खुर्ची ओढून बरोबर माझ्या आणि कार्डाच्या मधी येऊन बसला.

"मम्मी, सरळ क्रीम घेऊ. सगळ्या घराला एकच. लग्नात फोटो चांगले येतात."

"लग्न मंगल कार्यालयात आहे ना? मंग फोटो काय आपल्या मोरीत काढायचेत का?"

दुकानदार गालात हसला. ऋतुराज नाय हसला. पोरगा वाळूजच्या कंपनीत इंजिनियर आहे, पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, आणि लग्न ठरल्यापासून त्याला वाटतं की घरातली प्रत्येक गोष्ट त्याला विचारून व्हावी. मी त्याच्या हातातलं कार्ड काढून घेतलं.

क्रीम! क्रीमचं नाव काढलं की माझं डोकं सटकतं. आमची सगळी उमेदीची वर्षं भाड्याच्या खोल्यांत गेली, आणि घरमालक दुसरा रंग लावतच नाय. इथून उठून तिथं गेलो तरी भिंत तीच. मंग हे घर झालं, तेव्हा ऋतुराजच्या पप्पांनी, म्हणजे अप्पारावांनी, सवयीनं पुन्हा क्रीमच लावला. मी तेव्हा काय बोलले नाय. ते जाऊन आता तीन वर्षं झाली. आता बोलायचं नाय तर कधी बोलायचं?

मी कार्ड घेऊन दुकानाच्या बाहेर उन्हात उभी राहिले. ट्यूबलाइटखाली रंग बघायचा म्हणजे भाजी झाकणातून वास घेऊन विकत घ्यायची. कार्डावर हिरव्याची पानंच्या पानं, खाली इंग्रजी नावं, कसल्या कसल्या जंगलांची. मी माझी नावं दिली. हॉलला दुधीचा हिरवा, फिका, बघूनच डोळे निवतील असा. स्वयंपाकघराला कैरीचा, म्हणजे फोडणीचे डाग पडले तरी भिंत उदास दिसायची नाय. पुढची मोठी खोली नवरा-नवरीची, तिथं ऋतुराजला त्याचं क्रीम घेऊ दिलं. तेवढा मान लेकाचा ठेवला.

आणि मागची खोली माझी. तिच्यासाठी मी गडद हिरव्यावर बोट ठेवलं. त्याला भाजीचं नाव नव्हतं. तो बांगडीचा हिरवा होता, दुसरं काय म्हणणार?

"हा कुठं?" ऋतुराजनं विचारलं.

"मागच्या खोलीला."

"मागची तर तुझी."

"हाव. मंग?"

त्यानं मोबाइल काढला आणि उगं बोट फिरवत राहिला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि मला कळलंय हे त्याला कळलं. नवरा गेलेल्या बाईनं हिरव्यापासून लांब राहायचं, हे आमच्यात कुणी शिकवत नाय, ते आपोआप अंगात भिनतं. अप्पाराव गेले त्या महिन्यात मी कपाटातल्या सगळ्या हिरव्या साड्या भाच्यांना देऊन टाकल्या, कुणी म्हणायच्या आधीच. बांगड्यांचं तर विचारूच नका. पण हिरवा रंग मला लहानपणापासून लई आवडतो, लग्न व्हायच्या आधीपासून आवडतो. साडी लोकांच्या डोळ्यांसमोर असते. खोलीचं दार लावलं की भिंत माझी. एवढंच पाहिजे होतं मला, दुसरं काय नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांडूभाऊ रंगारी आले. चांगला माणूस, हात साफ, फक्त बडबड फार. मी त्यांना डबे दाखवले. दुधीचा हॉलला, कैरीचा स्वयंपाकघराला, क्रीम पुढच्या खोलीला, गडद मागच्या. "या दोन झोपायच्या खोल्या आधी उरका," म्हटलं, आणि खानावळीत पोळ्यांना बसले. खानावळ म्हणजे शेजारचा पत्र्याचा गाळा, चार पावलं लांब. पण जेवणाच्या वेळेला मला मान वर करायला फुरसत नसते.

घरात मालनआक्का होत्या. अप्पारावांची थोरली बहीण, ऋतुराजची आत्या. लग्नाच्या कामासाठी त्या फुलंब्रीहून मुक्कामी आल्या होत्या, हळद कुटायची होती, बस्ता बांधायचा होता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आक्कांचा नवरा गेला, पोरबाळ नाय. तेव्हापासून बाईनं एकटीनं शेत केलं, भावकीला पुरून उरली. तिच्या शब्दापुढं आमच्याकडं कुणी जात नाय. अप्पाराव गेल्यावर आमच्या बाजूचं वडीलधारं माणूस म्हणजे त्या एकट्याच.

दुपारी डबे गेले, हात धुऊन मी घरात आले आणि दारातच थबकले. पुढच्या खोलीच्या चारही भिंती गडद हिरव्या. माझा हिरवा! मागं जाऊन पाहिलं तर मागच्या खोलीला क्रीमचा एक हात मारून झालेला.

"सांडूभाऊ! हे काय करून ठेवलं?"

ते घोडीवरून खाली उतरले. "कामून वहिनी? काय चुकलं का?"

"गडद मागच्या खोलीला सांगितला होता मी."

"सांगितला होता. पण म्हटलं तुम्ही पोळ्यांच्या घाईत उलटं बोलल्या. नवरीच्या खोलीला क्रीम आन् तुम्हाला हिरवा, आसं कसं असंल? तरी मी मनानं नाय केलं बरं का. आक्काला विचारलं."

आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीच सांगितलं. नवरीलाच हिरवा. त्यात विचारायचं काय?"

बघा, यात कुणाची लबाडी नव्हती. सांडूभाऊंनी माझी चूक दुरुस्त केली, आक्कांनी त्यांना शाबासकी दिली, आणि चार भिंती रंगून झाल्या तरी एकालाही वाटलं नाय की बाईला चार पावलांवर जाऊन एकदा विचारावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आक्का, तो हिरवा माझ्या खोलीचा आहे. मी माझ्यासाठी निवडला."

आता त्यांनी मान वर केली. मेथीची काडी हातातच राहिली.

"सुरेखा, तोंड सांभाळून बोल. घरात लग्न आहे."

"लग्न आहे म्हणूनच रंग देतोय ना."

"अगं लोकं काय म्हणतील? नवरा जाऊन तीन वर्षं झाली आन् हिला हिरवा सुचला!"

"लोकं माझ्या झोपायच्या खोलीत कशाला येतील? लोकं खानावळीत येतात, जेवतात, हात धुऊन जातात."

"मला बघ जरा. मेथीची जुडी सोडली तर हिरव्याला हात लावला का मी कधी? सगळी जिंदगी काढली. माझ्या जागी तू असतीस ना, मंग कळलं असतं तुला."

"तुमच्याच जागी आहे की आक्का मी. आता आपण दोघी एकाच जागी आहोत."

हे जरा जास्तच लागलं. मेथीचं ताट बाजूला सारून आक्का उठल्या, आत गेल्या आणि आपली पिशवी भरायला लागल्या. लुगडं, तंबाखूची डबी, चष्मा, सगळं दणादणा आत. "या घरात मी पाणी पिणार नाय. आन् लग्नात माझी वाट बघू नका. गावाकडचं कुणी येतं का ते पण बघा मंग." सांडूभाऊ ब्रश धुवायच्या निमित्तानं मोरीत सटकले.

मीच फोन करून ऋतुराजला बोलावलं. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला, आत्याच्या हातातली पिशवी बघितली, हिरव्या भिंती बघितल्या आणि मला खानावळीच्या दाराशी घेऊन गेला.

"मम्मी, एका भिंतीसाठी एवढं?"

"एक नाय. चार आहेत."

"चेष्टा नको करू." त्यानं गाळ्याच्या पत्र्याला पाठ टेकली. "पप्पा नाहीत. आता आत्या पण नसली तर माझ्या बाजूनं उभं कोण राहील? सोनियाचे दहा काका येणार आहेत. आपल्याकडून कोण? तू खोली लग्नानंतर रंगव ना. नंतर कोण बघतंय."

खरं सांगते, तिथं मी ढिली पडले. भांडायला मला कधी भीती वाटली नाय, पण पोराचा चेहरा बघवेना. बाप नसलेलं पोर बोहल्यावर उभं राहणार आणि मागं आत्या पण नाय, ही गोष्ट साधी नाय. "जाऊ दे," असं ओठांवर आलंच होतं. पण तो "नंतर कोण बघतंय" म्हणाला ना, तिथं माझी जीभ अडली. नंतर म्हणजे कधीच नाय, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि कुणी बघत नसताना करायची गोष्ट ही चोरीच झाली की. मी काय चोरलंय?

"बरं, मला एक सांग," मी म्हटलं, "पुढच्या खोलीत जी राहायला येणार आहे तिला कोणता रंग पाहिजे, हे तू विचारलं का तिला?"

त्यानं नाय म्हणून मान हलवली.

"लाव फोन."

सोनिया सिडकोतल्या एका लॅबमधी काम करते. पोरगी बोलायला नीट, पण आतून पक्की. ऋतुराजनं स्पीकर सुरू केला आणि मी सरळ विचारलं, "सोनिया, तुझ्या खोलीला आत्ता इथं गडद हिरवा लागलाय. चालंल का तुला?"

ती म्हणाली, "आई, खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"साडी हिरवी, चुडा हिरवा, ओटीचा खण हिरवा. मेंदीवालीनं तर ब्लाऊजपण हिरवाच शिवा म्हणून सांगितलंय. भिंत तरी आकाशी द्या हो. मला आकाशी फार आवडतो. मी ऋतुराजला सांगणारच होते, पण त्यांनी क्रीम ठरलाय असं सांगितलं."

मला हसू आवरेना. इंजिनियरसाहेब पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागले.

"आकाशी देते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. "बघ बेटा. तुझ्या खोलीचा रंग ठरवताना जिची खोली तिला विचारलं नाय, आणि माझ्या खोलीचा ठरवताना मला नाय. या घरात इथून पुढं असं चालायचं नाय. आत्यांची समजूत मी काढीन. नाय निघाली तर तुझ्या मागं मी उभी राहीन, सगळ्यांच्या पुढं, आणि तुझ्या पप्पांच्या पण वाटणीची उभी राहीन. कळलं?"

त्यानं मान हलवली. मंग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या पप्पांसारखाच जड हात आहे त्याचा.

मी घरात गेले. "सांडूभाऊ, मागच्या खोलीला गडद घ्या, आत्ताच. पुढच्या खोलीचा रंग बदलणार, तिला उद्या आकाशी."

"वहिनी, गडदावर फिका चढत नाय लवकर. आधी पांढरा मारावा लागंल."

"मारा की. तुम्ही मला न विचारता चढवला, आता विचारून उतरवा."

आक्का पिशवी घेऊन निघाल्याच होत्या. मी वाट अडवली नाय. "जायचं तर खुशाल जा, आक्का. पण जेवून जा आणि ऊन उतरल्यावर जा. ऋतुराज सोडील तुम्हाला स्टँडवर." उपाशीपोटी माझ्या घरातून आजवर कुणी गेलं नाय, हे त्यांनाही माहीत होतं. त्या दोन घास जेवल्या, माझ्याशी न बोलता, आणि मागच्या खोलीसमोर पॅसेजमधी पिशवीला टेकून बसल्या, तोंड मुद्दाम दुसरीकडं करून.

मी संध्याकाळच्या डब्यांची कणीक तिंबत होते. मधून मधून घरात डोकावून जायचे. पहिल्यांदा आले तेव्हा आक्का न्हाणीघराकडं बघत होत्या. दुसऱ्यांदा आले तेव्हा खोलीकडं बघत होत्या. तिसऱ्यांदा चहा घेऊन आले तर पॅसेजमधी नुसती पिशवी, आणि आतून आवाज, "तो वरचा कोपरा सोडला की रे सांडू. दिसत नाय का तुला?"

आक्का खोलीच्या मधोमध, वर्तमानपत्रं अंथरली होती त्यावर उभ्या होत्या. मागच्या खिडकीतून उतरतं ऊन येत होतं आणि तीन भिंती ओल्या हिरव्या चमकत होत्या. मला बघून त्या दचकल्या, हात पदराखाली घेतला. पण मी बघितलं होतं. त्यांच्या बोटाला हिरवा लागला होता. ओली भिंत त्यांनी हात लावून पाहिली होती.

मी चहा दिला. सांडूभाऊ त्यांचा कप घेऊन बाहेर गेले. आम्ही दोघीच राहिलो. आक्का बशीत चहा ओतून पीत होत्या आणि ते बोट बाकीच्या बोटांपासून वेगळं धरलं होतं. पुसलं मात्र नाय.

"चांगला दिसतो," त्या म्हणाल्या.

मी उगंच खिडकी आणखी उघडली. बोलले असते तर रडले असते.

"माझ्या घरात तर चुनाच. दिवाळीला नीळ टाकून द्यायचा, झालं." त्यांनी बशी खाली ठेवली. "सुरेखा, तिथं भिंतीत एक कोनाडा आहे बघ, रॉकेलची चिमणी ठेवते तो. त्याच्यापुरता उरंल का गं डब्यात?"

एवढं मोठं शेत एकटीनं कसणारी बाई, कोर्टात भावकीला नडणारी बाई, आणि मागून मागितलं काय, तर कोनाड्यापुरतं, तेही उरलं तर. डब्यात रंग चांगला अर्धा शिल्लक होता. तो समोरच दिसत होता.

"नाय उरणार," मी म्हटलं.

"मंग राहू दे." त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. "मी आपलं सहज विचारलं."

"राहू कामून द्यायचं? उरलेलं घेऊन जायचं नाय, आक्का. तुम्ही उरलेलंच घेत आलात. लोकांचं नेसून झालेलं, लोकांचं खाऊन झालेलं. चला, रिक्षा करते. दुकान उघडं आहे. तुमच्या खोलीला तुमचा रंग, तुम्ही निवडायचा."

"येडी झालीस का? या वयात? गावातली लोकं..." त्या बोलता बोलता थांबल्या. भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मंग त्यांनी जोरात हाक मारली, "ऋतुराज! ती पिशवी आत नेऊन ठेव रे. बस्त्याला कोण जाणार, तुझी मम्मी? तिला साडीतलं काय कळतं!"

पोरगा पळतच आला आणि आत्याचे पायच धरले त्यानं. "ऊठ, ऊठ," आक्का म्हणाल्या, "पायाला रंग लागलाय माझ्या."

खानावळीतल्या बायांवर डबे सोपवून मी निघाले. आयुष्यात पहिल्यांदा. रिक्षात आक्का पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसल्या, डॉक्टरकडं निघाल्यासारख्या. दुकानात मी मुद्दाम मागं थांबले. दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, मी आक्कांकडं बोट केलं. त्यानं कार्ड त्यांच्यापुढं उघडलं.

आक्कांनी चष्मा लावला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. फिक्यांवर त्या थांबल्याच नायत. माझ्यापेक्षाही गडद एका हिरव्यावर त्यांचं बोट आलं आणि तिथंच राहिलं.

"छान निवडला, मावशी," दुकानदार म्हणाला. "यात धुता येणारा पण आहे."

"म्हणजे?"

"ओल्या फडक्यानं पुसला तरी रंग जात नाही."

आक्कांनी मान वर केली. त्याच्याकडं नीट बघितलं.

"जोर लावून पुसला तर?"

"तरी नाही जात."

"चार-पाच बायांनी मिळून पुसला तरी?"

दुकानदाराला ती गंमत वाटली. तो हसला. "किती पण बाया आणा मावशी. निघणार नाही."

मी रस्त्याकडं तोंड केलं. आक्कांचं कुंकू पुसलं तेव्हा त्या घरात मी नव्हते, माझं लग्नही झालेलं नव्हतं. पण त्या दिवशी घरात किती बाया होत्या, ते मला आत्ता कळलं. रडायचं नाय असं ठरवलं होतं, तरी पदर डोळ्यांना लावावा लागला.

मागून आक्कांचा आवाज आला, शेतात गड्याला हुकूम सोडतात तसा खणखणीत. "मंग हाच द्या. आख्ख्या खोलीला पुरंल एवढा."